न वापरलेल्या फोनचे पैसे कुठे गेले?

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मिशनच्या आवाहनाला मान देऊन आपल्यापैकी अनेकांनी घरातले जुने स्मार्टफोन दिले. ते वसतिगृहातल्या मुलांच्या आईवडिलांना वाटले गेले. मला आज त्याबद्दल आभार मानायला उभं केलं आहे. आभार मानतेच. पण फोन आपल्या हातून गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, हेही आपल्याला कळायला हवं, म्हणून थोडा वेळ घेते. मी वसतिगृहात संध्याकाळचा अभ्यास घेते आणि फोनच्या तक्रारीही माझ्याकडेच येतात, त्यामुळे हे जवळून पाहिलेलं आहे.

आपल्या परभणी जिल्ह्यातली, विशेषतः जिंतूरकडच्या डोंगरपट्ट्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हातात रोकड फार येत नाही. आठवड्याच्या बाजाराला मिळेल तेवढ्यावर घर चालतं. मुलं आजीकडे नाहीतर आपल्या वसतिगृहात. अशा घराला फोन म्हणजे रविवारी संध्याकाळी लेकराचा आवाज ऐकण्याचं साधन.

आमच्या नववीतल्या एका मुलीच्या घरचा फोन सलग दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी ती जेवली नाही. आम्ही इकडून लावून पाहिलं, तर त्या नंबरची सेवाच बंद. पुढे त्यांनी दुसऱ्या कोयत्यावरच्या माणसाचा फोन मागून घेतला आणि सगळं कळलं. हंगाम संपून ते परत आले तेव्हा तिचे वडील फोन घेऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, "ताई, आमी फोन फकस्त बोलायला वापरला. पिच्चर न्हाई, गानं न्हाई. मंग दोनशे रुपये खाल्ले कुनी?"

प्रश्न रास्त होता. अशा वेळी आपण सहसा काय म्हणतो? पोरांनी गेम खेळले असतील, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल. मला हे उत्तर आवडत नाही. गरीब माणूस पैशाचा हिशेब आपल्यापेक्षा नीट ठेवतो. दोनशे गेले म्हणतो, तर गेलेलेच असतात. ते कुठून गेले ते शोधायचं.

आम्ही शोधलं. त्यांचा पॅक साधा होता: बोलणं अमर्याद आणि इंटरनेट २८ दिवसांना मिळून दोनच जीबी. पुढच्या रिचार्जची बेगमी म्हणून ते कारखान्याजवळच्या दुकानात दोनदा शंभर-शंभर टाकून आले होते. त्यांची समजूत अशी, की हे पैसे फोनमध्ये गल्ल्यासारखे साठतील. शंभरच्या टॉप-अपमधून कर आणि शुल्क वजा जाऊन ८१ रुपये ७५ पैसे जमा होतात. म्हणजे दोनशेचे १६३ रुपये ५० पैसे झाले. आता गंमत बघा. जिथे रोज दीड-दोन जीबी मिळतात, अशा मोठ्या पॅकमध्ये दिवसाचा डेटा संपला की इंटरनेट मंदावतं, पैसे कापले जात नाहीत. पण महिनाभराला मिळून ठरावीक डेटा देणाऱ्या स्वस्त पॅकमध्ये तो संपल्यावर एमबीमागे ५० पैसे असा दर लागू शकतो, आणि ते पैसे मुख्य शिल्लकेतून जातात. या हिशेबाने १६३ रुपये ५० पैसे म्हणजे ३२७ एमबी. एक-दोन मोठी अ‍ॅप अपडेट झाली की संपलं. आपल्या घरी वायफाय असतं, म्हणून ३२७ एमबी कधी आले नि गेले ते आपल्याला कळतही नाही.

मग हे अपडेट मागितले कुणी? सेटिंग्जमध्ये डेटा वापराचं पान असतं, तिथे कोणत्या अ‍ॅपने किती खाल्लं ते ओळीने दिसतं. सगळ्यात वर प्ले स्टोअर, त्याखाली फोटो साठवणारं अ‍ॅप. आणि फोनमध्ये खातं कुणाचं? आधीच्या मालकाचं! ज्यांनी फोन दिला त्यांचं गूगल खातं तसंच चालू होतं. त्यांच्या नव्या फोनमधली लग्नाची, वाढदिवसाची छायाचित्रं इकडे उसाच्या फडात उतरत होती. त्यांनी घातलेली चाळीसेक अ‍ॅप्स आपापली नवी आवृत्ती ओढत होती. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण फोनबरोबर त्याची भूकही दिली गेली होती.

म्हणून पहिली विनंती आपल्याला. फोन देण्याआधी त्यातलं आपलं खातं काढा आणि मगच फोन कोरा करा. क्रम महत्त्वाचा आहे. खातं न काढता थेट कोरा केला, तर चालू करताना फोन जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसतो. असे काही फोन आमच्या कपाटात नुसते पडून आहेत. त्यानंतर शक्य असेल तर आमच्याकडे येऊन बसा आणि तीन ठिकाणी हात फिरवा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अपडेट फक्त वायफायवर. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेज आणि डेटामध्ये मोबाइल डेटावर आपोआप काहीच उतरू नये असं. आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा सेव्हर चालू. दहा मिनिटांचं काम आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं नाव निघालं म्हणून आपल्या मंडळीच्या ग्रुपबद्दल बोलते, रागावू नका. रोज सकाळी फुलांची पाच छायाचित्रं आणि रविवारी उपासनेचा अख्खा व्हिडिओ. ग्रुपमध्ये आता वसतिगृहातले पालकही आहेत. छायाचित्रं आपोआप उतरतात, आणि कुणी सेटिंग बदलून ठेवलं असेल तर व्हिडिओसुद्धा. त्यांच्यासाठी दोन ओळी लिहून टाकल्या तर फार बरं होईल.

आता दुसरा प्रकार. यात डेटाचा संबंध नसतो, पण माणूस "नेटचे पैसे कापले" असंच म्हणतो. स्क्रीनवर अचानक एक चौकट येते, इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं, खाली ओके. ती चौकट जावी म्हणून माणूस ओके दाबतो आणि भविष्य, विनोद, क्रिकेट, कॉलर ट्यून असलं काहीतरी चालू होतं. रोज दोन-चार रुपये जातात. याविरुद्ध नियम आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला आपण ट्राय म्हणतो, जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना आदेश दिला की अशी सेवा ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय चालू करायची नाही. आणि बंद करायला सगळ्या कंपन्यांचा एकच नंबर आहे, १५५२२३. फुकट लागतो. इंटरनेटच नको असेल तर १९२५ वर स्टॉप असा संदेश पाठवायचा. हे दोन नंबर आम्ही फोनच्या मागे चिकटपट्टीवर लिहून देतो. वाचता येत नसेल तर मुलांकडून पाठ करून घेतो. मुलं आईवडिलांना शिकवतात, हे बघायला मला फार आवडतं.

तिसरा प्रकार अलीकडचा आणि मला जास्त काळजीचा वाटतो, कारण यात पैसे फोनच्या शिल्लकेतून न जाता बँकेतून जातात. एक रुपयात अमुक दिवस मालिका बघा, गोष्टी ऐका, अशी जाहिरात असते. यूपीआयचा पिन टाकून एक रुपया दिला, की त्याच वेळी ऑटोपेची परवानगीही दिली जाते. मग दर महिन्याला शंभर-दोनशे आपोआप. ज्या खात्यात शिष्यवृत्ती येते तेच खातं! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि ती येतेही. पण इंग्रजीत, वीस जाहिरातींच्या गर्दीत. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचं पान असतं. तिथे चालू परवानग्या दिसतात आणि रद्द करता येतात. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं म्हणून पैसे थांबत नाहीत, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

इतकं करूनही पैसे गेले तर? कंपनीच्या १९८ वर तक्रार करायची आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. नंबर नाही तर तक्रार नाही, असं समजा. प्रीपेड ग्राहकालाही आपल्या खर्चाचा तपशीलवार हिशेब मागता येतो, आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, ही तरतूद २०१२ च्या नियमांत आहे. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे फुकट अपील करता येतं.

त्यापुढचा रस्ताही आहे. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं उदाहरण सांगते. त्याचं महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचं आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. तो २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचाकडे गेला. व्होडाफोन कंपनीचं म्हणणं होतं की टेलिग्राफ कायद्यात लवादाची सोय आहे, म्हणून ग्राहक मंचाला हे प्रकरण ऐकताच येणार नाही. हा वाद वरपर्यंत चढत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने सांगितलं की ग्राहकाला ग्राहक न्यायालयात जाता येतं. बिल खरं की खोटं हे तिथे ठरलं नाही, दाद कुठे मागायची एवढंच ठरलं. आणि एवढं ठरायलाच आठ वर्षं लागली, हे मला खटकतं. तरी आपल्या उपयोगाची गोष्ट ही, की परभणीतही जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

दीडशे रुपयांसाठी कोण एवढं करणार, असं आपल्याला वाटेल. ऊसतोडीवरचा माणूस तर मुळीच करणार नाही, त्याला फडातून उठता येत नाही. ते आपल्यासारख्यांनी करायचं. आपल्यात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, दोघे-तिघे वकील आहेत. महिन्यातला एक शनिवार दुपार दिलीत तर तक्रारी लिहिता येतील.

आणखी एक सांगायचं राहिलं. २०२४ च्या जुलैत मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच पालकांचे फोन बंद पडले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ट्रायने नियम बदलून कंपन्यांना सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक द्या. जानेवारी २०२५ पासून असे पॅक मिळतात. दुकानदार ते स्वतःहून सांगत नाही, मागावे लागतात. ८४ दिवसांचे पॅक आहेत, तसे दोन घेतले की बहुतेक हंगाम पार पडतो. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा मारावा लागतो, त्यापेक्षा हे सोपं. आमचा अनुभव असा, की ज्यांना फक्त लेकराशी बोलायचं आहे त्यांना साधा बटणांचा फोन आणि हा पॅक दिला तर तक्रारच येत नाही. स्मार्टफोन द्यायचा तो दहावी-बारावीच्या मुलांना, अर्ज भरायला, निकाल बघायला; आणि तोही वसतिगृहाच्या वायफायवर.

तेव्हा यंदा आमची मागणी थोडी वेगळी आहे. स्मार्टफोन पुरेसे आहेत. कपाटात पडलेले बटणांचे फोन आणा, चार्जरसकट. आणि ज्यांना जमेल त्यांनी एका कुटुंबाचे हंगामातले दोन रिचार्ज आपल्या नावावर घ्यावेत. पैसे हातात देऊ नका, पॅकच मारा, आणि तारीख वहीत लिहा. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, कुटुंबांची नावं दिवाळीआधी भरायची आहेत. फोन तपासायला मी आज चार वाजेपर्यंत इथेच बसणार आहे. आपला स्वतःचा फोन घेऊन आलात तरी चालेल, ऑटोपेचं पान मिळून उघडून बघू.