संकेतस्थळाची किल्ली कोणाकडे?

आज बोलायचे आहे ते संगणकावरच्या एका कामाविषयी. पण ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी रेडिओ बंद करू नये. विषय खरे म्हणजे मालकीचा आहे, आणि ती गोष्ट आपल्या चांदा-गडचिरोलीच्या माणसाला नवीन नाही.

आधी आमच्या शाळेची हकीकत सांगतो. २०१६ साली आम्ही शाळेची वेबसाइट, म्हणजे संकेतस्थळ, करवून घेतले. शहरातल्या एका ओळखीच्या कारागिराने ते स्वस्तात करून दिले. पुढची दोन वर्षे मुलांनी खपून आसपासच्या झाडांची नावे गोळा केली. मराठीत काय म्हणतात, झाडीबोलीत काय, गोंडीत काय. पाला कशाला लागतो, फळ केव्हा पिकते, आणि हे कोणत्या आजीने सांगितले. ते सारे त्या संकेतस्थळावर चढवले. वह्यांना मग ओल लागली. कोणी फिकीर केली नाही, कारण 'तिकडे आहेच' असे आम्ही धरून चाललो होतो. २०१९ च्या पावसाळ्यानंतर एक दिवस उघडून पाहतो तो काही नाही! पत्ता कारागिराच्या नावावर घेतलेला, त्याची वार्षिक फी भरायची राहून गेलेली, आणि त्याने तो धंदाच सोडलेला. शिवाय सारे काम त्याने स्वतःच बांधलेल्या यंत्रणेवर उभे केले होते. दुसऱ्या कोणाला ते उघडता येईना. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, "गुर्जी, आजी तं आता नाही राहिली. मंग तिनं सांगतलं ते कोठी गेलं जी?"

मजजवळ उत्तर नव्हते. कारागिराला मी फारसा दोष देत नाही. पत्ता कोणाच्या नावावर, किल्ली कोणाकडे, हे आम्हीच कधी विचारले नव्हते.

आता मूळ विषयाकडे येतो. पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान जाणकाराला हाताने घडवावे लागे. एक सूचना बदलायची तरी त्यालाच बोलवा. ही अडचण दूर करणाऱ्या यंत्रणेला मजकूर-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकावरून ती चटकन समजेल. वडशाची मंडळी आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी. पडदे बदलतात, दिवे भाड्याचे, मंडपाची जागा त्या त्या गावाची. नाटकाची वही मात्र तीच. ह्या प्रणालीत मजकुराची वही वेगळी असते, तिला डेटाबेस म्हणतात. पडदे म्हणजे थीम. जादा दिवे म्हणजे प्लगिन. मंडपाची जागा म्हणजे होस्टिंग, ती भाड्याने घ्यावी लागते. पडदा बदलला म्हणून संवाद पुसले जात नाहीत. आणि वहीत नवे पान लिहायला कारागीर लागत नाही, पत्र टंकता येणारा कोणीही ते लिहू शकतो.

अशा प्रणालींपैकी काही मुक्तस्रोत आहेत. त्यांची घडण उघडी असते. कोणीही ती वापरावी, आतून पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. ज्या परवान्याखाली त्या दिलेल्या आहेत त्याची एक अट आहे: बदल करून पुढे द्याल तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. त्याचा उपयोग काय, ते दोन प्रसंगांवरून दिसेल.

वर्डप्रेस ही प्रणाली २००३ साली निघाली. त्याआधी बी-टू नावाची एक प्रणाली होती. तिच्या कर्त्याने तिची देखभाल सोडली. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ती उचलली आणि पुढे नेली. परवाना खुला होता म्हणून उचलता आली. आमच्या कारागिरानेही काम सोडलेच होते, पण आम्हाला उचलायला मागे काही उरले नव्हते! दुसरा प्रसंग २००५ चा. माम्बो नावाच्या प्रणालीचा कारभार कोणी पाहायचा यावरून कंपनी आणि काम करणारी मंडळी यांच्यात बिनसले. मंडळी बाहेर पडली, घडण बरोबर घेऊन गेली, आणि तिला नवे नाव दिले जुमला. हा आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द, अर्थ 'सारे मिळून'; मूळ अरबी, आपल्या बोलण्यातल्या जुमल्याचा सख्खा भाऊ. आता लक्षात घ्या, घडण मंडळींना नेता आली, पण माम्बो हे नाव त्यांना नेता आले नाही.

येथे मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची आठवण होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली ह्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल झाले, बांबूही झाला. पण वाहतूक परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर हलेना, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे हक्काला पाय फुटले. संकेतस्थळाचेही तसेच. मुक्तस्रोत प्रणाली घेतली म्हणजे जंगल मिळाले; पण पत्त्याची नोंद आणि परवलीचे शब्द दुसऱ्याकडे असतील तर परवान्याचे पुस्तक अजून त्याच्याच कपाटात आहे.

तेव्हा कोणती प्रणाली घ्यावी? नामांकित तीन आहेत: वर्डप्रेस, जुमला आणि २००१ साली निघालेली ड्रूपल. ड्रूपल मोठ्या कचेऱ्यांच्या कामाची, शिकायला अवघड. जुमला आणि ड्रूपल यांत एकाच संकेतस्थळावर अनेक भाषा चालवण्याची सोय मुळातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी प्लगिन जोडावे लागते. तरी शाळेला आणि ग्रामसभेला मी वर्डप्रेसच सुचवीन. ती सर्वांत चांगली म्हणून नव्हे. आपल्याकडे गुरुजींची बदली होते! मागून येणाऱ्याला ती येत असण्याचा, निदान तालुक्यात कोणी जाणकार सापडण्याचा संभव अधिक, आणि तिची आतली पाटी मराठीतही मिळते. मात्र जी सर्वांच्या वापरात तिच्यावर चोरांचाही डोळा अधिक. म्हणून सुधारित आवृत्ती आली की लागलीच चढवावी आणि प्लगिनांची खोगीरभरती करू नये.

शिकण्यासाठी इंटरनेट सतत हवे असे नाही. आपल्याकडे नेटवर्क शोधत टेकडीवर चढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शाळेच्या एखाद्या संगणकावर प्रणाली एकदा उतरवून घेतली की पुढचा सराव तिथल्या तिथे होतो. खुशाल मोडा, पुन्हा उभारा. मी स्वतः पहिल्या महिन्यात चारदा मोडली. त्यातच प्रत काढणे शिकून घ्यावे. प्रत दोन वस्तूंची घ्यायची: मजकुराची वही आणि चित्रांचे खाते. आम्ही पहिल्यांदा वहीच तेवढी घेतली. परत उभारली तो मजकूर सगळा आणि चित्र एक नाही.

मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकात लिहिलेला मजकूर तसाच चढवला तर वाचणाऱ्याला अगम्य अक्षरे दिसतात. तो आधी रूपांतरित करून घ्यावा, आणि नंतर डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. मोबाइलवरचे फोटो लहान करून चढवावे. मुलांना लिहिण्याचा अधिकार द्यावा, प्रसिद्ध करण्याचा शिक्षकाने ठेवावा; तशी सोय प्रणालीतच आहे. सारे अधिकार मात्र दोघांकडे असावे. एकाकडेच असले तर आमच्यासारखे होते.

आमचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवते. तेथे आमची अकरा पाने निघाली. बाकीची गेली ती गेली. २०२१ मध्ये आम्ही नवा पत्ता शाळेच्या नावाने घेतला. परवलीचे शब्द कागदावर लिहून, लिफाफा बंद करून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले आहेत, आणि फी भरण्याची तारीख शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात दरवर्षी वाचली जाते. वर्डप्रेसवर पहिले पान त्या अकरांतलेच चढवले, मोहाच्या झाडाचे. आजी सांगायची ते जेवढे आठवले तेवढे त्या मुलीने त्याखाली स्वतः टंकून दिले. तेव्हा ती नववीत होती.