शाळेच्या आवाराची वही
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बदनापूरचे नाव शेतकऱ्यांना ठाऊक आहे ते तुरीमुळे. येथील कृषी संशोधन केंद्राचे ‘बीएसएमआर 736’ आणि ‘बीडीएन 711’ हे वाण दूरदूरच्या शेतांत पोहोचले आहेत. मर आणि वांझ या रोगांना दाद न देणारे वाण निवडताना संशोधकाला रोगट झाडे दृष्टीआड करून चालत नाही. ती मोजावी लागतात, त्यांची नोंद ठेवावी लागते. आधी मोजणी आणि मग उपाय, हीच रीत शाळेच्या आवारालाही लागू पडते.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. पुढे राष्ट्रीय हरित सेनेची पथके शाळाशाळांत स्थापन झाली. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या हरित शाळा उपक्रमात तर विद्यार्थीच आपल्या शाळेतील जमीन, पाणी, हवा, ऊर्जा, अन्न आणि कचरा यांची तपासणी करतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, मोजपट्टी, तराजू, तापमापक आणि खरे लिहिण्याची तयारी एवढे पुरते.

आरंभ पाण्यापासून करावा. मिनिटाला 60 थेंब गळणारा नळ दिवसाकाठी किमान चार लिटर पाणी वाया घालवतो. मुलांनी त्याखाली मापाचे भांडे ठेवून हा हिशेब स्वतः पडताळावा. मग छताची लांबी-रुंदी मोजावी. 200 चौरस मीटर छतावर वर्षभरात 600 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1,20,000 लिटर पाणी होते. त्यातील पाचवा भाग वजा केला तरी 96,000 लिटर हाती राहते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन उरलेले गाळून साठवता येते किंवा शोषखड्ड्यातून जमिनीत जिरवता येते. ज्या मराठवाड्याने टँकरच्या रांगा पाहिल्या, तेथे हे गणित पाठ्यपुस्तकातील गणिताइतकेच मोलाचे आहे. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे करून पावसाचे पाणी शिवारात अडवले आणि पुढे शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. गावाला जे साधले, ते लहान प्रमाणात शाळेलाही साधेल.

त्यानंतर जमीन. दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा मातीत थोडा रोवून त्यात पाणी ओतावे आणि ते जिरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. पावलांनी घट्ट झालेल्या मैदानात आणि झाडाखालच्या पालापाचोळ्यात केवढा फरक पडतो, हे मुलांना सांगावे लागत नाही. भर दुपारी उघड्यावरचे आणि कडुनिंबाच्या सावलीतले तापमान शेजारी शेजारी लिहावे. आठवडाभर कचरा वेगवेगळा करून तोलावा. शालेय पोषण आहारातील उष्टे अन्न, पाने, कागद आणि प्लॅस्टिक यांचे वजन समोर आले की खताचा खड्डा कोठे आणि केवढा हवा, हे आपोआप ठरते. गाजर गवत फुलण्यापूर्वीच उपटावे. मात्र त्याने त्वचेला व श्वासाला त्रास होत असल्याने हे काम मोठ्या माणसांनी हातमोजे घालून करावे.

एक नोंद विशेष जबाबदारीने घ्यावी लागते. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हवीत. ती आहेत, एवढ्यावर वहीत बरोबरची खूण करू नये. तेथे पाणी येते का, कडी लागते का, आणि स्वच्छतागृह टाळण्यासाठी एखादी मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही का, हे शिक्षिकेने विश्वासात घेऊन विचारावे. उत्तर देणाऱ्या मुलीचे नाव लिहू नये. उणीव मात्र अवश्य लिहावी.

येथेच तपासणीची खरी कसोटी लागते. पाहुणे येणार म्हणून आवार झाडले जाते, चुना मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. रोपे लावतानाचे छायाचित्र जपले जाते. त्यांतील किती जगली, हे क्वचितच मोजले जाते. पन्नास रोपे लावून पाच जगवण्यापेक्षा दहाच लावून दहाही जगवणे श्रेयस्कर आहे. वड, कडुनिंब, करंज, बहावा यांसारखी येथल्या हवेत टिकणारी झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाचे पालकत्व एका वर्गाकडे द्यावे आणि हात धुण्याचे पाणी त्याच्या आळ्यात वळवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे रोप लावण्यापूर्वीच ठरवावे.

आपल्या समाजाला वहीखात्याचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. पेढीवर तोटा झाला तर तो लपवून ताळेबंद जुळत नाही. आत्मपरीक्षणातही दोष आधी मान्य करण्याची परंपरा आपण जपली आहे. विश्वस्त संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, तसे शाळेच्या आवाराचेही तपासले जावेत. दानशूरांनी शाळेला पाण्याची टाकी अवश्य द्यावी, परंतु त्यासोबत एक कोरी वहीही द्यावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, मुलांनी त्या वहीतील नोंदी पालकांपुढे वाचून दाखवाव्यात आणि मोठ्यांनी त्या शांतपणे ऐकून घ्याव्यात. नळ गळतो असे मुलाने वाचले, तर पुढील वाचनापूर्वी तो दुरुस्त झालेला असावा. आपण लिहिलेल्या खऱ्या नोंदीने काहीतरी बदलते, हा अनुभव मुलाला शाळेतच मिळाला पाहिजे.