ताणाची जाणीव आणि तिचे माप



व्यायामशास्त्र व भौतिकोपचार यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि लवचिकतेचा व्यायाम करीत असता स्नायूंच्या ताणाची जी जाणीव मनुष्यास होते, तिच्या तीव्रतेचे मापन कसे करावे, हा प्रश्न आपणापुढे मांडण्याची अनुज्ञा मागतो.

सांधा किती अंशांत वळला हे कोनमापक सांगतो. पाय पसरून पुढे वाकणाऱ्याची बोटे कुठवर पोचली हे वेल्स व डिलन यांच्या १९५२ सालच्या चाचणीने कळते. परंतु त्या क्षणी त्या मनुष्यास काय सोसावे लागले, याची नोंद आपल्या दप्तरात बहुधा आढळत नाही. व्यक्तीची जाणीव शास्त्राच्या कक्षेबाहेरची, ही समजूत त्याच्या मुळाशी असेल, तर ती टिकणारी नाही. कारण फेक्नरने १८६० सालीच संवेदनेच्या मापनाचे शास्त्र ग्रंथबद्ध केले, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेसाठी ६ ते २० अंकांची श्रेणी सिद्ध केली, आणि ब्राझीलमधील अभ्यासकांनी २००८ साली खास लवचिकतेसाठी, सहज स्थितीपासून तीव्र वेदनेपर्यंतच्या पायऱ्या असलेली, ० ते ११० अंकांची पट्टी पुढे आणली.

या मापाची निकड किती आहे, हे वेपलर व मॅग्नुसन यांच्या २०१० सालच्या विवेचनावरून ध्यानी येते. काही आठवड्यांच्या ताणाभ्यासाने सांध्याचा कोन वाढतो, तो स्नायू लांबल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः तोच ताण सोसण्याची शक्ती वाढल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो ग्राह्य धरला, तर जाणिवेवाचून नुसता कोन टिपणे म्हणजे अर्ध्या पुराव्यावर निकाल देणे होय.

मात्र जाणिवेचा अंक विचारण्यापूर्वी तिची जागा विचारली पाहिजे. उताण्या निजलेल्या रुग्णाचा सरळ पाय आपण हलके वर उचलतो, तेव्हा एक म्हणतो, "मांडीच्या मागे ओढ बसते," आणि दुसरा म्हणतो, "पार पोटरीखाली चमक गेली." शून्य ते दहाच्या श्रेणीवर दोघांनीही सात हाच अंक सांगितला, तरी पहिली तक्रार बहुधा स्नायूची असते आणि दुसरीने मज्जातंतूचा संशय येऊन हात तत्काळ आवरावा लागतो. शून्य म्हणजे काय व दहा म्हणजे काय, हे आधी समजावून द्यावे; शिक्षकाची मर्जी राखण्यासाठी कमी अंक सांगणारा विद्यार्थी आणि वेदनेलाच पराक्रम मानणारा खेळाडू, या दोघांनाही खरे सांगण्याची मुभा आहे, असा विश्वास द्यावा; आणि एकाचा अंक दुसऱ्याच्या अंकाशी न ताडता, त्याच्याच मागील नोंदीशी ताडावा.

आसन स्थिर व सुखावह असावे, ही पतंजलींची अपेक्षा आपणास परिचित आहे. आणि योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीस लावण्याचे कार्य स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून याच भूमीत आरंभिले. त्या परंपरेचे आपण वारसदार आहोत. म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की प्रत्येक व्यायामशाळेने व रुग्णालयाने आपल्या तक्त्यात कोनाशेजारी जाणिवेचा अंक, तिची जागा व तिचे स्वरूप यांसाठी रकाना ठेवावा, आणि रुग्णाने "पुरे" म्हणताच थांबणे हा उपचाराचा नियम मानावा. कारण ज्याच्या देहावर आपण प्रयोग करतो, त्याची साक्ष नोंदविल्याविना आपले शास्त्र पूर्ण होणार नाही, आणि न्याय्यही ठरणार नाही.