आपले आकडे आणि देशाचे आकडे



सातवी शिकलेली मी आकड्यांवर बोलते याचे तुम्हांला नवल वाटेल. पण माझ्या थोरल्या जाऊबाई पोट फुगून गेल्या. मृत्यूच्या नोंदीत आम्ही कारण सांगितले, ‘पोटाचा विकार’. पुढे त्यांचे कागद पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो बीजांडकोशाचा कॅन्सर होता.

२०२२ च्या अंदाजाप्रमाणे देशात या रोगाचे नवे रोगी सुमारे ४७ हजार आणि मृत्यू सुमारे ३३ हजार. आपल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. तीत लाख बायकांमागे, वयाचा हिशेब धरूनही, या रोगाचे प्रमाण मुंबईहून कमी दिसते. ऐकून बरे वाटते. पण २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण लिहून दिलेले मृत्यू शेकडा २२ च्या आसपासच होते. मग जाऊबाईंसारख्या किती जणी हिशेबाबाहेर राहिल्या असतील?

म्हणून विनंती आहे. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला लागणे असे दोन-तीन आठवडे चालले तर अंगावर काढू नका. आणि घरात कोणी गेले तर डॉक्टरांकडून खरे कारण लिहवून घ्या. आम्ही ते केले नाही, याची चुटपुट मला अजून आहे.