पाव मिलिमीटरचं आडनाव



घराच्या एखाद्या कोपऱ्यात मातीचं इवलंसं मडकं करणारी कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल. अळीला डंख मारून लुळी करायची, अंड्यासोबत घरात कोंडायची आणि दार लिंपून टाकायचं. पिल्लाची शिदोरी ताजी राहते. आज तिच्या दूरच्या नातेवाइकांबद्दल बोलायचंय. ते घरं बांधण्याच्या भानगडीत पडत नाहीत. दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात आपलं अंडं घालतात आणि पिल्लाचं सगळं बालपण त्या परक्या अंड्यातच उरकतं. उसात खोडकिड्यासाठी अशाच माश्यांची ट्रायकोकार्डं लावणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको.

अशाच एका परोपजीवी माशीला 2013 साली नाव मिळालं: टिंकरबेला नाना. ही माशी कोस्टा रिकातल्या ला सेल्वा इथल्या जंगलातली. लांबी पाव मिलिमीटरहून कमी, म्हणजे खसखशीचा दाणा तिच्यापुढे कलिंगडच. पंख म्हणजे बारीकशी दांडी आणि तिला लांब केसांची झालर. एवढ्याशा जिवाला हवा पाकासारखी दाट लागते, त्यामुळे तिचं उडणं आपल्या पोहण्याला जवळचं.

तिचं वर्णन कॅनडाचे जॉन ह्यूबर आणि लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे जॉन नॉइज यांनी केलं. पण त्यांनी फक्त नवी जाती सांगितली नाही, तिच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. मतदारयादीसारखं आडनाव आधी. नवं बाळ जन्मलं तर आपण त्याला नाव ठेवतो, नवं आडनाव शोधत बसत नाही. मग इथे ते का लागलं?

हे समजायला अशी माशी ओळखतात कशी ते पाहू. जाळी गवता-झुडपांवरून फिरवायची, सापडेल ते अल्कोहोलमध्ये टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडत बसायचं. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त इथे खड्याचीच किंमत. मिळालेली माशी काचपट्टीवर कॅनडा बाल्सम नावाच्या राळेच्या थेंबात पंख-पाय पसरून कायमची बसवायची. मग शृंगिकेचे खंड मोजायचे, पायाच्या टोकाचे मोजायचे, पंखावरचे केस कुठून निघतात ते बघायचं. खरी कसोटी त्यानंतर. मायमॅरिडी या तिच्या कुळात शंभराच्या आसपास प्रजाती आहेत. त्यांतल्या एकीतही ही बसत नाही, हे दाखवावं लागतं. सगळ्यात जवळची निघाली ती किकिकी. हवाई बेटांवर मिळालेली ही प्रजाती ह्यूबर यांनीच एका सहकाऱ्यासोबत 2000 साली मांडली होती. तिच्यातली एक माशी 158 मायक्रॉन भरली. पंख असलेला याहून लहान कीटक त्या वेळी माहीत नव्हता. टिंकरबेला आणि किकिकी या सख्ख्या बहिणी, तरी घरं वेगळी.

माझं मत विचाराल तर जातीची वेस बऱ्याच अंशी निसर्ग आखतो, प्रजातीची माणूस. कितपत फरक पडला की चूल वेगळी मांडायची, यावर अभ्यासकांचं भाऊबंदांसारखं वाजतं. म्हणून नियम कडक आहेत. प्रजातीला आधार म्हणून एक जाती नेमून द्यावी लागते. त्या जातीचा एक नमुना 'होलोटाइप' म्हणून जपून ठेवावा लागतो. आणि प्रजातीचं नाव उभ्या प्राणिसृष्टीत दुसऱ्या कुठल्या प्रजातीचं असून चालत नाही. वनस्पतींशी जुळलं तर हरकत नाही, त्यांचं दप्तर वेगळं.

आडनावं बदलतातही. त्याचं एक उदाहरण पाहू. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न. 1970 नंतर त्यावर दक्षिण अमेरिकेतून आलेला पिठ्या ढेकूण पसरला. त्याचा शत्रू शोधायला निघालेल्यांना आधी भलताच, दिसायला तसाच पिठ्या ढेकूण सापडला. त्याच्यावरचे परोपजीवी आफ्रिकेतल्या किडीवर चालले नाहीत. जाती ओळखण्यात चुकलं की असं होतं. खरी कीड 1981 मध्ये पॅराग्वेत मिळाली आणि तिच्यासोबत लोपेझी नावाची चिमुकली माशी. ती आफ्रिकेत सोडली गेली, कसावा वाचला, आणि ही मोहीम चालवणाऱ्या हान्स हेरेन यांना 1995 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या माशीचं आडनाव मात्र आधी अपोअनागायरस, मग एपिडिनोकार्सिस, आता अनागायरस. इतकी स्थळं फिरूनही लोपेझी हे नाव तेच राहिलं, आणि त्या नावावरूनच जुने कागद आजही सापडतात.

जाता जाता टिंकरबेलाबद्दल. टिंकर बेल ही 'पीटर पॅन'मधली परी, आणि नाना त्याच गोष्टीतली मुलांना सांभाळणारी कुत्री. शिवाय ग्रीकमध्ये 'नानोस' म्हणजे बुटका, म्हणून हे नाव दोन्हीकडून शोभलं. आपल्याला मात्र नाना म्हटलं की अंगरखा घालून ओटीवर बसलेले, खणखणीत आवाजाचे आजोबाच दिसतात. दोघा शास्त्रज्ञांना याची कल्पना असण्याचं कारण नाही.