जुनी लॅम्ब्रेटा घेताना

इटलीची गाडी म्हटलं की शौकिनांना डुकाटी आठवते. मला, कुहीच्या माणसाला, लॅम्ब्रेटा स्कूटर आठवते. मिलानच्या इनोसेंटी कंपनीची ही गाडी. नाव तिथल्या लांब्रो नदीवरून आलेलं. मुंबईत एपीआय कंपनी ती जोडायची. पुढे लखनौच्या स्कूटर्स इंडियानं इटलीहून यंत्रंच आणली आणि ‘विजय सुपर’ काढली.

अब्बा लॅम्ब्रेटावर कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करत. आपाच्या लग्नात ती विकली. पन्नाशीत मी तशीच जुनी गाडी शोधायला निघालो. मिस्त्रीनं बजावलं, रंगाला भुलू नका. पायाखालचा पत्रा ठोकून पाहा, चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, इंजिन थंड असतानाच किक मारा.

गाडी सापडली. नंबर जुळले, पत्रा मात्र सडलेला. भाव पाडायला तोंड उघडणार, तोच मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, चालवसान ना? का भंगारात मोडसान? हे होते तवा रोज पुसत.’’

मी आकडा गिळला. तिसऱ्या किकला गाडीनं धूर सोडला.

आता रविवारी त्यांच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतो. त्या ओट्यावर येतात.