अठरा पूर्ण झाल्यावर

एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांसाठी रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागला भरलेल्या या परिषदेत आफ्रिकेतल्या एचआयव्हीबाधित तरुणांच्या कामाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारेल. या किनाऱ्याचे आफ्रिकेशी जुने नाते आहे. तिथून आलेल्या सिद्दींनी मुरूडचा जंजिरा 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राखला. दुसरे नाते औषधाचे. जुलै 2000 मध्ये डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत एचआयव्हीसह जन्मलेला अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन जगापुढे उभा राहिला आणि आम्हालाही माणसासारखे वागवा, असे त्याने मागितले. पुढच्याच फेब्रुवारीत भारतीय औषधकंपनी सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्याच उपचाराला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. 1 जून 2001 रोजी न्कोसी गेला, पण त्याच्या मागून आलेली लाखो मुले भारतीय औषधांवर जगली. त्याच सिप्लाचा एक कारखाना आपल्या जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे.

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. औषधाने ही मुले जगवली, संस्थांनी वाढवली. पण वाढलेल्या मुलांसाठी आपण अजून काहीच नीट उभे केलेले नाही. आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्ही रोखणारी औषधे, मोफत मिळू लागली आणि 2006 च्या अखेरीस मुलांसाठी वेगळ्या मात्रेची औषधे आली. त्या वेळी सहा-सात वर्षांचे असलेले मूल आज पंचविशी ओलांडते आहे. ‘मानव्य’, ‘पालवी’, ‘स्नेहालय’, ‘सेवालय’, ‘इन्फंट इंडिया’ या संस्थांनी कामाला हात घातला तेव्हा प्रश्न सरळ आणि भयंकर होता : या मुलांना कोणी जवळ घेत नाही. ‘सेवालय’च्या हासेगावात तर आपली मुले या मुलांशेजारी बसवायला पालक तयार नव्हते. त्या काळात निवारा हेच उत्तर होते आणि ते देणाऱ्यांचे ऋण महाराष्ट्राने मानलेच पाहिजे. पण निवाऱ्याची सगळी मांडणी लहान मुलाभोवती होती. रवी बापटले यांनी ‘सेवालय’जवळच अठरा वर्षांपुढच्या मुलांसाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ वसवले आणि ‘इन्फंट इंडिया’च्या बारगजे दांपत्याने बीडला संस्थेतल्या मुलामुलींची लग्ने लावून दिली, ती या मांडणीत न मावणारी गरज समोर दिसली म्हणून. एकेका संस्थेने स्वतःच्या बळावर केलेली ही कामे आहेत. राज्याची म्हणावी अशी व्यवस्था त्यातून अजून तयार झालेली नाही.

अठराव्या वाढदिवशी काय होते ते पाहा. संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला बाल न्याय कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोय आहे. आजीकडे, मामाकडे वाढलेल्याचे राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिना 2250 रुपये मात्र थांबतात आणि पुढे त्याची विचारपूस करायला कोणी बांधील नसते. 2017 चा एचआयव्ही कायदा खरोखर चांगला आहे. आईबाप गेलेल्या घरात बारा वर्षांवरचे समजूतदार भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळाप्रवेशाला, उपचाराला, बँकेच्या खात्यावर सही करू शकते, इतका बारीक विचार त्यात आहे. नोकरीत भेदभावाला बंदी आहे. पण आरोग्यसेवा सोडली तर तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेलाच आहे. रेवदंड्याच्या, मुरूडच्या, श्रीवर्धनच्या बोटीवर तांडेल धरून आठ-दहा माणसे असतात. तिथल्या खलाशाने कामाच्या जागी तक्रार न्यायची कुणाकडे?

त्या बोटीवरचाच विचार पुढे नेऊ. बोट आठ-दहा दिवस समुद्रात असते आणि झोपायची जागा एकच असते. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते. रोज ठरल्या वेळी गोळी घेणारा तरुण पोरगा शेजाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तो काय करेल? गोळ्या घरी ठेवून जाईल. परतल्यावर चुकलेल्या दिवसांबद्दल एआरटी केंद्रावर बोलणी बसतील, या धास्तीने पुढची तारीखही चुकवेल. श्रीवर्धनहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात यायचे म्हणजे दिघी-आगरदांडा जेट्टी किंवा म्हसळा-माणगावचा फेरा. दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच. या मुलाला आपण ‘बेजबाबदार’ म्हणतो. त्याला औषध आहे, कायदा आहे, समुपदेशकही आहे. नाही तो त्याच्यासारखाच, त्याच वयाचा, या सगळ्यातून वाट काढलेला कोणी.

इथे झिंबाब्वे आपल्या पुढे आहे. तिथल्या ‘झ्वांदिरी’ या कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणाऱ्या 18 ते 24 वयाच्या तरुणांनाच प्रशिक्षण देऊन आरोग्यकेंद्राशी जोडले जाते. ते घरी जातात, गट चालवतात, कोणाची तारीख चुकली हे सिस्टरच्या आधी त्यांना कळते. बिंदुरा आणि शाम्वा जिल्ह्यांत 96 आठवडे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीची सेवा मिळालेल्या किशोरांपैकी 36 टक्क्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, चढलेला होता किंवा ते दगावले होते. सोबत्यांचा आधार मिळालेल्यांत हेच प्रमाण 25 टक्के होते. फरक दिसला तो सोबत आणि पाठपुरावा मिळाल्याने.

यावर पहिला आक्षेप असा की आफ्रिकेत ही साथ घरोघरी आहे, आपल्याकडे प्रौढांमध्ये प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास. मग तिथली पद्धत इथे कशाला? मला हा तर्क उलटा वाटतो. जिथे दर गल्लीत कोणी ना कोणी बाधित आहे, तिथे मुलाला निदान आपण एकटे नाही हे ठाऊक असते. आपल्याकडे तालुक्यात त्याच्या वयाची चार-पाच मुले असतील आणि ती एकमेकांना ओळखतही नसतील. सोबत्याची गरज इथे जास्तच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कोळीवाड्यात कोण कोणाच्या घरी गेला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते, मग गुप्तता राहायची कशी? हा धोका खरा आहे, म्हणून घरभेटीचा आग्रह इथे सोडावा लागेल. फोनवर बोलणे, शेजारच्या तालुक्यातला सोबती आणि भेटीचे ठिकाण मुलानेच ठरवणे, एवढे पाळले तर मार्ग निघतो. तिसरा आक्षेप पैशाचा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत असेच सोबती-कार्यकर्ते एका रात्रीत घरी बसले. तो इशारा आपण जरूर घ्यावा. पण आपला राष्ट्रीय कार्यक्रम सरकारी तिजोरीवर चालतो आणि 2021 ते 2026 साठी त्याला 15,471.94 कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या निधीतून जिल्ह्यामागे मोजक्या तरुणांना नियमित मानधन देणे अशक्य नाही. त्यांना स्वयंसेवक म्हणून फुकट राबवणे मात्र मला मान्य नाही. आपल्या आजाराची ओळख जो पणाला लावतो, त्याच्या कामाला पगार असलाच पाहिजे.

म्हणून या दोन दिवसांत परिषदेने तीन गोष्टींचा निर्णय घ्यावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. बोटीवर जाणाऱ्यांना सुटसुटीत पाकिटात तीन महिन्यांची औषधे एकदम मिळावीत. संस्थेतून किंवा बालसंगोपनातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची वयाच्या 23 वर्षांपर्यंत नावानिशी, पण गोपनीय नोंद राहावी आणि तिची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर असावी. सोबती-कार्यकर्त्यांच्या मानधनाचा ठराव राज्य शासनाकडे जावा. या तिन्हींवरच्या चर्चेत पहिली वेळ मागच्या रांगांत बसलेल्या तरुणांना द्यावी आणि आम्ही पांढऱ्या केसांच्या मंडळींनी त्यांच्यानंतर बोलावे, एवढेच अध्यक्षांकडे मागणे आहे.